पायरी : व्हिक्टोरियन घराच्या दाराशी (प्रकल्प नोंदी)

३ जून

वाचनालयाच्या दर्शनी कक्षात ऑगस्टअखेर लावायच्या भित्तिफलकांचे काम आजपासून हाती घेतले. विषय ‘व्हिक्टोरियन इंग्लंडमधील सामाजिक वर्ग आणि रोजचे जगणे’ असा ठरला आहे. एकूण दहा फलक करायचे असून मजकूर मी लिहायचा आणि चित्रे व मांडणी चित्रकार सहकाऱ्याने करायची, अशी वाटणी झाली. कालखंड राणीच्या राज्यारोहणापासून तिच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे १८३७ ते १९०१ इतकाच ठेवला आहे आणि भर लंडनवर दिला आहे.

हा विषय मीच सुचवला होता. आमच्याकडे त्या काळातील इंग्रजी कादंबऱ्यांची भाषांतरे आजही आवडीने वाचली जातात, परंतु दिवाणखान्यात चहा पीत बसलेल्या पात्रांच्या शेगडीतला कोळसा कोणी आणला, पहाटे किती वाजता आणला आणि त्यासाठी तिला काय मिळाले, हे त्या पानांवर बहुधा येत नाही. ते वाचकांपुढे ठेवावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

पहिल्या आराखड्यात उच्च, मध्यम आणि श्रमिक अशा तीन वर्गांना तीन-तीन फलक दिले होते. संध्याकाळी पुन्हा पाहिले तेव्हा ही मांडणी मनाला पटेना. तीन कप्पे केले की हे लोक जणू तीन वेगळ्या गावांत राहत होते असे वाटते, आणि प्रत्यक्षात ते रोज एकाच दारात एकमेकांसमोर येत होते.

७ जून

आजचा दिवस शब्दांत गेला. ‘क्लास’ या शब्दाला ‘वर्ग’ हाच शब्द कायम केला. वाचनालयाच्या समितीतील एका सदस्यांनी ‘इंग्रजांची जातिव्यवस्था’ असे शीर्षक सुचवले होते. ते मी नम्रपणे नाकारले. जात जन्माने चिकटते आणि तिच्यामागे धर्माची मान्यता उभी असते. व्हिक्टोरियन वर्ग मिळकत, व्यवसाय, बोलण्याची ढब, कपडे आणि घरकाम कोण करते यांवरून ठरत असे. तो बदलू शकत होता, आणि वर चढण्याइतकीच खाली घसरण्याचीही शक्यता असल्यामुळे मधल्या थरातील माणसे सतत धास्तीत जगत होती. ही धास्ती समजल्याशिवाय त्या समाजातील पडदे, हातमोजे, भेटकार्डे आणि जेवणाच्या वेळा यांतले काहीच उलगडत नाही.

दुसरी अडचण ‘सर्व्हंट’ची आहे. ‘कामवाली’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चार घरी जाऊन आपल्या घरी परतणारी बाई येते. व्हिक्टोरियन मोलकरीण मालकाच्याच घरात, बहुधा माळ्यावरच्या खोलीत किंवा तळघरातील स्वयंपाकघराशेजारी राहत असे, त्यामुळे तिच्या कामाला संपण्याची वेळ नव्हती. ‘घरात राहणारी मोलकरीण’ असे दरवेळी पुरते लिहायचे ठरवले. वाक्य लांबते, पण ते चालेल.

१२ जून

मिळकतीच्या शिडीचा फलक लिहून झाला. आधार इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थापनावरील ग्रंथाचा घेतला, कारण कोणत्या मिळकतीच्या घरात किती नोकर असावेत हे त्यात उघडपणे मांडलेले आहे. वर्षाला १,००० पौंड मिळकत असेल तर स्वयंपाकीण, घरकामाच्या थोरली व धाकटी अशा दोन मोलकरणी, मुले सांभाळणारी दाई आणि एक पुरुष नोकर. ७५० पौंडांत धाकटी मोलकरीण जाते आणि पुरुष नोकराच्या जागी एक पोरगा येतो. ५०० पौंडांत तो पोरगाही जातो. ३०० पौंडांत सर्व कामांसाठी एक मोलकरीण आणि एक दाई. आणि २०० किंवा १५० पौंडांत सगळ्या कामांना मिळून एकटी एकच, जमल्यास अधूनमधून मदतीला एखादी मुलगी. मिळकत जशी खाली येते तशी घरातील कामे कमी होत नाहीत, ती एकाच अंगावर गोळा होत जातात, ही गोष्ट त्या यादीतून स्वच्छ दिसते. अशा एकट्या मोलकरणीचे जिणे एकाकी असते आणि काही घरांत तिचे काम कधी संपतच नाही, असे बीटनबाईंनीही लिहून ठेवले आहे. तिचा पगार त्यांनी वर्षाला ९ ते १४ पौंड दिला आहे. राहणे-खाणे मालकाचे धरले, तरी हातात आठवड्याला साडेतीन ते साडेपाच शिलिंगांच्या आसपासच पडत होते.

याच फलकावर करांची एक चौकट दिली. १८४२ मध्ये प्राप्तिकर पुन्हा सुरू झाला तेव्हा तो १५० पौंडांच्या वरच्या मिळकतीवर होता. घरात पुरुष नोकर ठेवणाऱ्यावर तर वेगळाच कर बसत असे, आणि १८६९ च्या कायद्याने तो माणशी वर्षाला १५ शिलिंग झाला. उंचापुरा, गणवेशातला गडी दार उघडायला उभा करणे ही चैन होती आणि सरकारही तिला चैन म्हणूनच मोजत होते. घरकामाचा खरा भार मात्र स्त्रियांवर होता. इंग्लंड आणि वेल्समधील १८९१ च्या जनगणनेत घरकामाच्या नोकरीत जवळपास १४ लाख स्त्रिया नोंदल्या गेल्या. पुरुष ६० हजारांहूनही कमी होते.

१३ जून

पौंडांचे आजच्या रुपयांत रूपांतर करून द्यावे, अशी सूचना आली होती. करून पाहिले आणि काढून टाकले. नुसत्या भावांच्या तुलनेने मजुरीचे मोल कळत नाही, उलट खोटी अचूकता येते. त्याऐवजी कोपऱ्यात इतकेच दिले : १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. पुढचे आकडे वाचकाने एकमेकांशीच ताडून पाहावेत.

१९ जून

आज ज्या फलकावर काम केले तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हॅना कलविक ही १८३३ मध्ये श्रॉपशरमधील शिफ्नल येथे जन्मलेली स्त्री वयाच्या आठव्या वर्षी कामाला लागली आणि आयुष्याचा बहुतेक काळ तिने हलकी घरकामे करण्यात घालवला. आर्थर मन्बी या वकिली शिकलेल्या, सरकारी कचेरीत काम करणाऱ्या गृहस्थाशी तिचा दीर्घ स्नेह होता आणि त्याच्या सांगण्यावरून ती रोजनिशी लिहीत असे. त्या वह्या केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेल्या आहेत. स्वतःच्या हाताने लिहिलेला इतका सविस्तर दिनक्रम त्या काळच्या फार थोड्या मोलकरणींनी मागे ठेवला आहे.

१४ जुलै १८६० ची नोंद मी फलकासाठी निवडली. उतारा न देता तिचा दिवस माझ्या शब्दांत मांडला, तो असा. झडपा उघडल्या, स्वयंपाकघराची चूल पेटवली, काजळी झटकली. खोल्या झाडल्या, न्याहारी वर पाठवली, दोन जोड बूट साफ केले, अंथरुणे घातली, रात्रीची मलमूत्राची भांडी रिकामी केली. चांदीची भांडी आणि सुऱ्या घासल्या, दुपारचे जेवण वर पाठवले. दोन कोंबड्या एका ओळखीच्या घरी पोचवून निरोप आणला. दोन बदके सोलून, साफ करून भाजली. घरापुढच्या पायऱ्या आणि फरशा गुडघ्यांवर बसून घासल्या. रस्त्याकडेच्या फरशाही गुडघ्यांवर बसून घासल्या. कोठीची खोली गुडघ्यांवर बसून धुतली. शौचकूप, बोळ आणि भांडी घासण्याच्या खोलीची जमीन पुन्हा गुडघ्यांवर बसून धुतली. कुत्र्याला आंघोळ घातली. रात्रीचे जेवण तयार केले, पण ते वर न्यायला दुसरीला सांगितले, कारण ती स्वतः इतकी मळली आणि थकली होती की वर जाणे शक्य नव्हते.

‘गुडघ्यांवर बसून’ हे शब्द तिच्या नोंदीत पुन्हा पुन्हा येतात. सहकाऱ्याचे मत असे पडले की फलकाच्या मजकुरात पुनरुक्ती खटकेल, एकदाच ठेवावे. मी ते चारही ठेवले. तिने लिहिताना गाळले नाहीत, तर ते गाळण्याचा अधिकार मला नाही.

हे लिहीत असताना संपूर्ण प्रदर्शनाचा धागा सापडला. मराठीत ‘पायरी’ हा दगडही आहे आणि माणसाचे स्थानही आहे. ‘आपली पायरी ओळखून वाग’, ‘पायरी सोडून बोलू नकोस’ ही वाक्ये ज्याने कधीच ऐकली नाहीत असा मराठी माणूस विरळा. व्हिक्टोरियन घराची दाराबाहेरची पायरी रोज कोणी तरी गुडघे टेकून घासत असे. ती कोणी घासली यावरून त्या घराची समाजातली पायरी कळत होती. तेव्हा वर्गांचे तीन कप्पे रद्द केले. दहाही फलक आता एका दाराच्या पायरीपासून सुरू होतील आणि त्या पायरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे असतील.

२४ जून

घराच्या उभ्या छेदाचे चित्र आले. रेखाटन सुंदर आहे, पण त्यात दर्शनी दाराला एकच पायऱ्यांची रांग होती. लंडनमधील मध्यमवर्गीयांच्या सलग भिंतीच्या उंच घरांना पुढच्या बाजूलाच दोन रांगा असत. रस्त्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्या मुख्य दाराशी पोचत. त्या घरमालकांसाठी आणि पाहुण्यांसाठी. त्यांच्याच शेजारी, लोखंडी कठड्याच्या आतून, रस्त्याच्या पातळीखाली उतरणाऱ्या अरुंद पायऱ्या तळघरातील स्वयंपाकघराच्या दाराशी जात; त्या मोलकरणींसाठी, खाटकाच्या पोऱ्यासाठी, दूधवाल्यासाठी. कोळसा तर दारातूनही आत येत नसे. फरसबंदीत एक गोल लोखंडी झाकण असे, ते काढून कोळशाची पोती थेट तळघरात रिकामी केली जात. घराच्या आतही मोठे घर असेल तर मागचा वेगळा जिना होता, म्हणजे घाण पाण्याची बादली घेऊन उतरणारी मुलगी पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये.

चित्र दुरुस्त करायला दिले. वर जाणारी आणि खाली उतरणारी अशा दोन्ही रांगा एकाच कठड्याला लागून दाखवल्या की फलकावर स्पष्टीकरण फारसे लिहावे लागणार नाही.

२ जुलै

चार्ल्स बूथ यांच्या नकाशाचा फलक. लिव्हरपूलमधील जहाजमालक घराण्यातील हा माणूस १८८६ च्या सुमारास लंडनची गरिबी मोजायला निघाला, स्वतःचा पैसा त्यात घातला आणि शेवटच्या आवृत्तीपर्यंत काम १७ खंडांवर पोचले. १८८९ मध्ये त्यांनी रस्त्यांचे रंगीत नकाशे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पिवळा म्हणजे श्रीमंत, लाल म्हणजे सुस्थितीतील मध्यमवर्ग, गुलाबी म्हणजे बऱ्यापैकी नियमित मिळकत, जांभळा म्हणजे मिश्र वस्ती, फिकट निळा म्हणजे गरीब, गडद निळा म्हणजे कायमची ओढग्रस्त, आणि काळा म्हणजे सर्वांत खालचा थर. माहितीचा मोठा भाग शाळा मंडळाच्या निरीक्षकांकडून मिळवलेला होता, कारण मुले शाळेत का येत नाहीत हे पाहण्यासाठी ते घरोघर जात आणि कोणत्या घरात किती मिळकत येते हे त्यांना ठाऊक असे. शतकाच्या शेवटी नकाशा सुधारताना बूथ यांचे सहकारी पोलीस शिपायांबरोबर गल्ल्या पायी फिरले. फुटक्या काचा, दिवसभर उघडी राहणारी दारे, मुलांच्या पायांत बूट आहेत की नाहीत, असे तपशील ते वह्यांत टिपून घेत.

बूथ यांचा निष्कर्ष असा की लंडनच्या ३०.७ टक्के लोकांचे जगणे दारिद्र्यात होते. हा आकडा अनेकांना ठाऊक असतो. मला त्याहून मोलाची वाटते ती दारिद्र्याच्या कारणांची त्यांची तपासणी. गरीब माणूस दारू आणि आळस यांमुळे गरीब असतो, ही त्या काळच्या सुखवस्तू घरांतील ठाम समजूत होती. बूथ यांनी ‘सी’ आणि ‘डी’ म्हटलेल्या गरीब गटांतील कुटुंबे तपासली, तेव्हा ६८ टक्के ठिकाणी कारण कामाशी निगडित निघाले, म्हणजे कमी मजुरी किंवा अनियमित काम. १९ टक्के ठिकाणी आजारपण, मोठे कुटुंब यांसारखी परिस्थिती. दारू आणि उधळेपणा मिळून १३ टक्के. गोदीच्या फाटकाशी पहाटे उभे राहूनही ज्याला आज बोलावणे आले नाही, त्याच्या घरात आज चूल थंड, इतके हे सरळ होते.

असे असूनही त्यांच्या रंगसूचीत एक गोष्ट खटकते आणि ती मी फलकावर नोंदवली आहे. फिकट निळ्या रंगापुढे आठवड्याला १८ ते २१ शिलिंग असा मिळकतीचा आकडा आहे. काळ्या रंगापुढे मात्र आकडा नाही, तिथे ‘दुराचारी, अर्धगुन्हेगार’ असा चारित्र्याचा शेरा आहे. मोजत मोजत खाली गेलेला प्रामाणिक माणूस शेवटच्या पायरीवर मोजणे थांबवतो आणि निवाडा देतो. त्या काळ्या गल्ल्यांचे पुढे काय झाले तेही पाहावे. बेथ्नल ग्रीनमधील ओल्ड निकोल ही झोपडवस्ती पाडून लंडन काउंटी कौन्सिलने तिथे विटांच्या नव्या इमारती बांधल्या, १९०० मध्ये युवराजांच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले, आणि विस्थापित झालेल्या सुमारे ५,७०० माणसांपैकी ११ जणांना तिथे जागा मिळाली. भाडे परवडणारे लोक दुसरीकडून आले. जुने लोक शेजारच्या गल्ल्यांत दाटीने राहू लागले.

५ जुलै

नकाशाची छपाईची चाचणी वाया गेली. फिकट निळा आणि जांभळा एकसारखे उमटले. छापखान्याने पुन्हा छापून देण्याचे मान्य केले आहे, पण आठवडा जाईल. दरम्यान प्रत्येक रंगाच्या पट्टीवर त्याचे नावही छापायचे ठरवले; रंग ओळखू न येणाऱ्या वाचकांसाठीही ते आवश्यकच होते.

११ जुलै

आजचा फलक मोलकरीण नसलेल्या घरांच्या पायरीचा.

सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहरातील श्रमिक कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा कोणती घरे पाहणीत घ्यायची आणि कोणती वगळायची हे ठरवण्यासाठी त्यांनी नोकर आहे की नाही हीच रेघ वापरली. नोकर ठेवणारे घर श्रमिकांत मोडत नाही, हे त्यांना इतके उघड वाटत होते. माझ्या धाग्याला याहून बळकट आधार नाही. मधली माणसे या रेघेवर लटकत होती. काही घरांत कायमची मोलकरीण ठेवण्याची ऐपत नसे, पण गृहिणीने रस्त्यावर सर्वांदेखत गुडघे टेकावेत हेही मान्य नसे. अशा घरांच्या पायऱ्या दारोदार फिरणाऱ्या लहान मुली काही पेन्स घेऊन घासून देत. पायऱ्या घासणाऱ्या मुली असे त्यांचे वेगळे नावच पडले होते. घराच्या आत धुणे-भांडी गृहिणीच करायची, पण ते पडद्यामागे.

श्रमिकांच्या वस्तीत बाई स्वतःची पायरी स्वतः घासत असे आणि मऊ पांढऱ्या दगडाने तिच्या कडा पांढऱ्या करीत असे. धुराने काळवंडलेल्या शहरात ती पांढरी रेघ संध्याकाळपर्यंतही टिकत नसे, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओढली जाई. आपल्याकडील सडा-रांगोळीशी हिची तुलना करावी, असे सहकाऱ्याने सुचवले. मी ती घातली नाही. रांगोळीत मांगल्याचा भाव आहे. ही पांढरी कड शेजाऱ्यांसाठी आणि घरभाडे वसूल करायला येणाऱ्यासाठी दिलेला पुरावा होता : या घरात पैसा नसेल, पण हे घर अब्रूदार आहे.

अब्रूची किंमतही मोजून द्यावी लागत असे. आठवड्याची मजुरी शनिवारी हातात पडे. रविवारी घालायचा चांगला कोट सोमवारी सावकाराकडे गहाण पडे आणि शनिवारी रात्री सुटून येई. १८७२ च्या कायद्याप्रमाणे लहान रकमेवर दर दोन शिलिंगांमागे महिन्याला अर्धा पेनी व्याज होते, आणि पहिल्या महिन्याचा काही भाग झाला तरी पूर्ण महिना धरला जाई. मी हिशेब केला. आठ शिलिंगांना ठेवलेला कोट दर शनिवारी सोडवायचा तर दर वेळी दोन पेन्स, वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १०४ पेन्स, म्हणजे ८ शिलिंग ८ पेन्स. मुद्दलापेक्षा जास्त रक्कम फक्त व्याजात गेली, आणि कोट अजून सावकाराकडे जायचा-यायचा राहिलाच. नोंद-चिठ्ठीचे पैसे वेगळे. हा हिशेब फलकावर पूर्ण दिला आहे, कारण गरीब माणसाला काटकसर येत नाही असे म्हणणाऱ्याने तो एकदा तरी स्वतः मांडून पाहावा.

राउंट्री यांनी आई, वडील आणि तीन मुले यांच्यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स ही किमान रेषा काढली होती. त्या रेषेवरच्या कुटुंबाने काय काय करता कामा नये हे त्यांनी लिहिले आहे : आगगाडीचे किंवा बसचे तिकीट काढायचे नाही, अर्ध्या पेनीचे वर्तमानपत्र घ्यायचे नाही, दूर गेलेल्या मुलांना पत्र पाठवायचे नाही कारण टपालाला पैसे नाहीत, बापाने तंबाखू आणि बिअर सोडायची, मुलांना बाहुली किंवा गोट्या नाहीत. यॉर्कमधील २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असे त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. यॉर्क हे लंडनसारखे अवाढव्य महानगर नव्हते. त्यामुळे गरिबी ही फक्त राजधानीची व्याधी आहे, हा समज त्या आकड्यापुढे टिकला नाही.

१८ जुलै

एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या आरोग्य अहवालातील मृत्यूच्या वयांचा तक्ता सर्वांत मोठ्या अक्षरांत द्यायचा, असे ठरले. कुटुंबप्रमुखाच्या व्यवसायानुसार मृत्यूचे सरासरी वय त्यात दिलेले आहे. लंडनच्या बेथ्नल ग्रीनमध्ये प्रतिष्ठित कुटुंबांत ४५, व्यापाऱ्यांच्या कुटुंबांत २६, मजुरांच्या कुटुंबांत १६. लिव्हरपूलमध्ये अनुक्रमे ३५, २२ आणि १५. मँचेस्टरमध्ये ३८, २० आणि १७. रटलंड या शेतीप्रधान परगण्यात ५२, ४१ आणि ३८.

हे आकडे वाचताना चूक होण्याचा संभव आहे, म्हणून खाली दोन ओळी जोडल्या. मजूर सोळाव्या वर्षी मरत असे, असा याचा अर्थ नाही. पहिल्या पाच वर्षांत मरणाऱ्या बालकांची संख्या प्रचंड असल्यामुळे सरासरी इतकी खाली येते. जे जगले-वाचले ते चाळिशी-पन्नाशी गाठतही असत. शिवाय जिथे तरुण कुटुंबे भराभर येऊन राहतात अशा वाढत्या शहरात ही सरासरी आणखी खाली ओढली जाते. तरीही एक गोष्ट राहतेच. रटलंडमधील शेतमजुराच्या घरातील सरासरी मँचेस्टरमधील प्रतिष्ठिताच्या घराइतकीच, म्हणजे ३८ आहे. धूर, सांडपाणी आणि दूषित पाणी यांनी बंगल्यातल्यांनाही सोडले नव्हते. पण त्याच शहरात मजुराच्या घराला त्याची किंमत दुपटीहून अधिक मोजावी लागली.

तक्त्याशेजारी चित्र नको, असे मीच सांगितले.

२६ जुलै

रेल्वेचा फलक लहान केला. १८४४ च्या कायद्याने प्रत्येक मार्गावर दिवसातून निदान एक गाडी छप्पर असलेल्या डब्यांची, मैलाला एक पेनी दराची असावी असे बंधन घातले, त्यापूर्वी तिसऱ्या वर्गाचे प्रवासी अनेकदा उघड्या डब्यांतून जात. आणि मिडलंड रेल्वेने १८७५ पासून दुसरा वर्ग बंद करून तिसऱ्या वर्गाला गादीच्या बैठका दिल्या. इतके पुरे. हा विषय स्वतंत्र प्रदर्शनाचा आहे.

३ ऑगस्ट

भारताशी असलेले दुवे दाखवावेत, अशी समितीची इच्छा आहे. ओढूनताणून काही जोडायचे नाही या अटीवर एक फलक केला. त्यात दोनच गोष्टी आहेत.

पहिली आयांची. भारतातून मायदेशी जाणारी इंग्रज कुटुंबे बोटीच्या लांब प्रवासात मुले सांभाळण्यासाठी इथल्या आया सोबत नेत. लंडनला पोचल्यावर त्यांची गरज संपत असे, आणि परतीच्या प्रवासाची सोय प्रत्येकीसाठी केलेली असेच असे नाही. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये आयांचे एक वसतिगृह होते. आधी ऑल्डगेट भागात ज्युरी स्ट्रीटवर, आणि १९०० पासून हॅकनीतील किंग एडवर्ड्स रोडवर. भारताकडे निघालेले एखादे कुटुंब आया शोधत येईपर्यंत त्या तिथे थांबत. वर्गाच्या शिडीवर त्यांची पायरी कोणती, याचे उत्तर बीटनबाईंच्या यादीत नाही. मालकाचे मूल मांडीवर घेऊन समुद्र ओलांडणारी स्त्री किनाऱ्यावर उतरताच कुणाचीच उरत नसे. मुंबई हे या बोटींचे मोठे बंदर असल्यामुळे हा फलक आपल्या वाचकांना परका वाटू नये.

दुसरी ॲनी बेझंट यांची. १९१६ च्या होमरूल चळवळीमुळे टिळकांच्या बरोबरीने आपल्याला त्या ठाऊक आहेत. १८८८ च्या उन्हाळ्यात त्यांनी पूर्व लंडनमधील ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींना होणारे दंड आणि मिळणारी मजुरी यांवर लेख लिहिला. पायांत माती लागली, बोलले, उशीर झाला, अशा कारणांनी आधीच तुटपुंज्या मजुरीतून पैसे कापले जात. जुलैत सुमारे १,४०० स्त्रिया आणि मुली कामावरून बाहेर पडल्या आणि काही आठवड्यांच्या आत दंडाची पद्धत बंद झाली. संप बेझंटबाईंनी घडवला असे लिहिण्याची पद्धत आहे. मी ते वाक्य बदलले. बाहेर पडण्याचा निर्णय मुलींचा होता, बेझंटबाईंनी त्यांचे गाऱ्हाणे छापले आणि पुढे त्यांना साथ दिली.

१२ ऑगस्ट

सर्व मजकूर काही वाचकांना वाचायला दिला. शाळेतील जुन्या सहकाऱ्यांनी व्याकरणाच्या चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या. वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशींना हॅनाचा फलक मी वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. संपल्यावर विचारले, “बाई, तिला सुट्टी कधी मिळायची?” मग थोड्या वेळाने, “आणि गुडघ्यांचं काय झालं तिच्या?”

अडीच महिन्यांत हे दोन्ही प्रश्न मला पडले नव्हते, आणि त्यांच्याशिवाय फलक अपुरा होता.

सुट्टीबद्दल मजकूर जोडला : कायद्याने हक्काची अशी सुट्टी घरकामाच्या नोकरीला नव्हती. कारखान्यातील स्त्रिया आणि मुलांचे तास १८४७ च्या कायद्याने दहावर आणले, १८७१ मध्ये बँकांना ठरावीक सुट्ट्या मिळाल्या, पण घराच्या आत कायदा शिरला नाही. शतकाच्या उत्तरार्धात आठवड्यातील एखादी संध्याकाळ, रविवारी चर्चसाठी थोडी मोकळीक आणि महिन्यातून एक दिवस अशी रीत अनेक घरांत पडली. तीही मालकिणीच्या मर्जीवर. गुडघ्यांबद्दलचे उत्तर वैद्यकाच्या कोशातच सापडले. सतत गुडघे टेकून काम केल्याने वाटीपुढे पाणी धरून जी सूज येते, तिला इंग्रजीत ‘हाउसमेड्स नी’, म्हणजे मोलकरणीचा गुडघा, असेच नाव आहे. ते नाव आजही वापरात आहे.

२० ऑगस्ट

हॅनाच्या फलकावर एक निर्णय बाकी होता. १८७३ मध्ये मन्बीने तिच्याशी गुपचूप लग्न केले. त्याच्या घरी राहतानाही बाहेरच्यांच्या दृष्टीने ती त्याची मोलकरीणच राहिली, आणि काही वर्षांनी ती पुन्हा श्रॉपशरला निघून गेली. या लग्नावर बरेच लिहिले गेले आहे, आणि सहकाऱ्याला ते फलकाच्या शीर्षस्थानी हवे होते. मी ते एका वाक्यात तळाशी ठेवले. वर ठेवले तर वाचक तिच्या दिवसाकडे त्याच्या नजरेने पाहू लागतो, आणि हा फलक तिच्या १४ जुलैचा आहे.

मावशींचे दोन्ही प्रश्न त्यांच्याच शब्दांत उपशीर्षके म्हणून घेतले. आधी त्यांची परवानगी विचारली. “माझं नाव नको, प्रश्न राहू द्या,” असे त्या म्हणाल्या.

२४ ऑगस्ट

नकाशाची नवी छपाई नीट आली. जांभळा आता जांभळा दिसतो. दहाही फलक चौकटींसह वाचनालयात पोचले आहेत. हॅनाचा फलक आत न लावता दर्शनी दाराबाहेरच्या भिंतीवर, पायऱ्यांच्या बाजूला लावायचा आहे, त्यामुळे पावसाची झड लागू नये म्हणून त्याला काच घालून घेतली. मावशी सकाळी सातला येतात. पायऱ्या पुसून वाळल्या की शिडी लावता येईल.